अ प्रायोरी ज्ञान म्हणजे नेमकं काय? नव्यानं तत्त्वज्ञान वाचणाऱ्यांसाठी पायरीपायरीची वाट

तत्त्वज्ञान घेतलेल्या मुलामुलींची गाडी पहिल्याच सत्रात हमखास अडते ती 'अ प्रायोरी' (ज्याला पुरावा म्हणून अनुभव लागत नाही असं ज्ञान) या शब्दापाशी. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या मुलांची अडचण आणखी थोडी वाढते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, कॉलेजात व्याख्यान इंग्रजीतून, शेजारच्या बाकावरची मैत्रीण टिपणं काढते कन्नडमध्ये, आणि परीक्षेत हे सगळं आपल्या शब्दांत मांडायचं. मी याच वाटेनं शिकले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेऊन मराठीतून लिहिणाऱ्यांनाही हा भाग टाळता येत नाही, कारण जर्मन तत्त्वज्ञ कांटची संश्लेषक अ प्रायोरी विधानं (ती चौथ्या पायरीत भेटतील) अभ्यासक्रमात नाव घेऊन नमूद केलेली आहेत. म्हणून ज्या क्रमानं हा विषय डोक्यात नीट बसतो, तो क्रम इथं मांडते आहे.

सुरुवातीला जवळ काय हवं

- चौकटीची वही, पट्टी, पेन्सिल. दुसऱ्या पायरीला ती लागणारच आहे, नुसतं वाचून भागणार नाही.
- मराठी विश्वकोशातल्या कांट आणि ज्ञानमीमांसा यांवरच्या नोंदी. विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो.
- दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश (1974). विकत घेण्याची गरज नाही, मोठ्या वाचनालयात चौकशी करा.
- मूळ ग्रंथांतली थोडी पानं: प्लेटोच्या 'मेनो' संवादातला भूमितीचा प्रसंग, स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमच्या 1748 च्या 'एन्क्वायरी'चा चौथा भाग, आणि कांटच्या 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'ची दुसऱ्या आवृत्तीतली (1787) प्रस्तावना. जुनी इंग्रजी भाषांतरं नेटवर मोफत मिळतात.

मराठी पुस्तकांत या एकाच कल्पनेला पूर्वप्राप्त, अनुभवपूर्व, प्रागनुभविक, अनुभवनिरपेक्ष असे वेगवेगळे शब्द भेटतील. गोंधळू नका. यांतला एक निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. मी 'अनुभवनिरपेक्ष' वापरते.

पायरी 1: 'कुठून आलं?' हा प्रश्न बाजूला ठेवा, 'कशावरून?' हा विचारा

अनुभवनिरपेक्ष म्हटलं की बरेच जण जन्मतः मनात असलेलं ज्ञान असा अर्थ घेतात, आणि लगेच शंका काढतात की तान्ह्या बाळाला कुठं बेरीज येते? ही शंका मुद्द्याला लागूच होत नाही. कांटनं प्रस्तावनेच्या सुरुवातीलाच हे स्पष्ट केलंय: आपलं सगळं ज्ञान अनुभवापासून सुरू होतं, पण म्हणून ते सगळं अनुभवातूनच निघतं असं ठरत नाही. सात आणि पाच तुम्ही चिंचोके मांडून शिकलात की बोटं मोजून, याला इथं महत्त्व नाही. महत्त्व आहे ते आधाराला. कुणी हटकलं, 'कशावरून म्हणता?', तर तुम्ही पुढे काय ठेवाल?

'काल खानापुरात पाऊस झाला.' कशावरून? मी भिजलो, मावशीचा फोन आला होता, पर्जन्यमापकाची नोंद आहे. 'काल खानापुरात पाऊस झाला किंवा झाला नाही.' हे खरं आहे का, ते बघायला खानापूरला कुणी फोन करणार नाही. पहिल्या विधानाचा आधार अनुभव आहे. दुसऱ्या विधानाचा आधार ते नीट समजण्यातच आहे. शब्द शिकायला अनुभव लागतो, हे दोन्हीकडे खरंच आहे. पण समजण्यासाठी लागणारा अनुभव वेगळा आणि पुरावा म्हणून लागणारा अनुभव वेगळा. हा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

इथं एक बारकावा आहे. 347 गुणिले 29 किती, हे तुम्ही मोबाइलवर काढलंत आणि 10,063 उत्तर आलं. तुमचा आधार काय? यंत्र बरोबर चालतं हा अनुभव. तेच तुम्ही कागदावर, प्रत्येक टप्पा समजून सोडवलंत तर आधार बदलला. विधान तेच, पण जाणण्याचे मार्ग दोन. म्हणून 'हे विधान अनुभवनिरपेक्ष आहे' असं लिहिण्याऐवजी 'हे अनुभवनिरपेक्ष रीतीनं जाणता येतं' असं लिहिणं जास्त नेमकं.

पायरी 2: एक गुंठा दुप्पट करून पाहा

ही पायरी सोडू नका. माझ्या मते हा विषय वाचून कळतो त्यापेक्षा हातानं करून जास्त कळतो.

आपल्याकडे गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1,089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. समजा एक गुंठ्याचा बरोबर चौरस प्लॉट आहे. त्याच्या दुप्पट, म्हणजे दोन गुंठ्यांचा, पण चौरसच प्लॉट आखायचा आहे. बाजू किती घ्याल?

बहुतेकांच्या तोंडून आधी 66 फूट निघतं. वहीत काढून बघा: 66 गुणिले 66 मध्ये एक-एक गुंठ्याचे चार चौरस बसतात. म्हणजे चार गुंठे झाले. मग वाटतं, दोन्हींच्या मधली बाजू घेऊ, दीडपट, साडेएकोणपन्नास फूट. त्याचंही क्षेत्र सव्वादोन गुंठे येतं. प्लेटोच्या 'मेनो'त सॉक्रेटिस हेच कोडं, दोन फुटांचा चौरस घेऊन, भूमिती कधीच न शिकलेल्या एका गुलाम मुलाला घालतो. तो मुलगाही आधी दुप्पट बाजू सांगतो, मग दीडपट.

आता त्या चार चौरसांच्या मोठ्या आकृतीकडे परत या. प्रत्येक लहान चौरसात एक कर्ण काढा, असा की चारही कर्ण मिळून मधे एक तिरपा चौरस तयार होईल. प्रत्येक कर्णानं आपापल्या चौरसाचे दोन समान भाग केले. तिरप्या चौरसात असे चार अर्धे भाग आले. चार अर्धे म्हणजे दोन पूर्ण. म्हणजे तिरपा चौरस दोन गुंठ्यांचा आहे आणि त्याची बाजू मूळ प्लॉटच्या कर्णाइतकी आहे. आपल्याकडच्या बौधायन शुल्बसूत्रात हेच दोरीच्या भाषेत सांगितलंय: चौरसाच्या कर्णावर ताणलेली दोरी दुप्पट भूमी करते.

आता टेप घेऊन खऱ्या जागेवर कर्ण मोजलात तर 46 फूट 8 इंचांच्या आसपास भरेल. त्याचा वर्ग करा: सुमारे 2,177.8 चौरस फूट. दोन गुंठे म्हणजे 2,178. टेपनं 'जवळपास' सांगितलं. आकृतीनं 'बरोबर दुप्पट' सांगितलं, आणि तेही याच प्लॉटबद्दल नव्हे, कुठल्याही चौरसाबद्दल. काढलेल्या रेषा जाड होत्या, पट्टी थोडी सरकली, तरी युक्तिवादाला काही धक्का लागला नाही. कांटनं अनुभवनिरपेक्ष ज्ञानाच्या दोन खुणा सांगितल्या त्या याच: अनिवार्यता आणि अपवाद नसलेली सार्वत्रिकता.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा. टेपनं कर्ण 48 फूट दाखवला तर तुम्ही दोष कुणाला द्याल? टेपला, कोपरा काटकोनात नसल्याला, किंवा जमिनीच्या उताराला. कर्णाच्या नियमाला देणार नाही. अनुभवाशी भांडण झालं तर माघार कोण घेणार, हा प्रश्न पुढच्या सगळ्या वाचनात कामाला येतो. पाचव्या पायरीला तो पुन्हा येईल, आणि तिथं उत्तर इतकं सोपं राहणार नाही.

पायरी 3: तीन जोड्या तीन रकान्यांत ठेवा

परीक्षेत सर्वाधिक गुण इथंच जातात. वहीत तीन रकाने आखा.

पहिला रकाना जाणण्याचा: अनुभवनिरपेक्ष की अनुभवसापेक्ष. दुसरा वस्तुस्थितीचा: अनिवार्य (असं नसणं शक्यच नव्हतं) की आपाती (वेगळं होऊ शकलं असतं). तिसरा विधानाच्या अर्थाचा: विश्लेषक (विधेयात सांगितलेलं उद्देश्याच्या अर्थातच आहे) की संश्लेषक (काहीतरी नवं जोडलं जातं).

'मावशी म्हणजे आईची बहीण.' विश्लेषक. शेजारणीलाही आपण मावशी म्हणतो, तो वेगळा वापर झाला, विधान तपासताना एकच अर्थ धरून ठेवायचा. 'बेळगाव कर्नाटकात आहे.' अनुभवसापेक्ष, आपाती, संश्लेषक. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. ते वेगळं होऊ शकलं असतं, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि ते कुठं असायला हवं होतं, हा वाद नुसत्या तर्कानं कुणालाच मिटवता येणार नाही, त्यात इतिहास, भाषा, लोकांची इच्छा हे सगळं येतं.

अनुभवनिरपेक्ष, अनिवार्य आणि विश्लेषक हे तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत असं धरून लिहू नका. ते नेहमी एकत्र असतात का, हाच गेल्या अडीचशे वर्षांतला खरा वाद आहे.

पायरी 4: आधी ह्यूम, मग कांट

क्रम उलटा केलात तर कांट कशासाठी एवढी धडपड करतो तेच कळणार नाही.

ह्यूमची मांडणी सरळ आहे. आपल्या जाणण्याचे विषय दोनच प्रकारचे: कल्पनांमधले संबंध आणि वस्तुस्थिती. पहिल्यात गणित आलं, ते नुसत्या विचारानं कळतं. दुसऱ्यात बाकी सगळं जग आलं, त्याचं उलट नेहमीच शक्य असतं. उद्या सूर्य उगवणार नाही, या म्हणण्यात व्याघात (आत्मविरोध) नाही. कार्यकारण दुसऱ्या गटात पडतं. मृग लागला की पाऊस येतो हे आपण वारंवार पाहिलं म्हणून मनाला सवय लागली. सवयीपलीकडे तिथं 'असंच व्हायला हवं' असं काही दिसत नाही.

कांटला हे खोलवर लागलं. त्याचं म्हणणं असं की ह्यूमच्या दोन गटांत न बसणारा तिसरा प्रकार आहे: विधान जगाबद्दल नवं काही सांगतं, तरीही अनुभवावर टेकत नाही. हीच संश्लेषक अनुभवनिरपेक्ष विधानं. त्याची उदाहरणं तीन क्षेत्रांतली: 7 + 5 = 12, भूमितीचे सिद्धांत, आणि 'प्रत्येक घटनेला कारण असतं' हे तत्त्व. अशी विधानं शक्य कशी होतात? त्याचं उत्तर थोडक्यात असं की अवकाश आणि काल हे आपल्या संवेदनेचे आकार आहेत आणि कारण ही आपल्या बुद्धीची कोटी (विचाराचा मूलभूत साचा) आहे. आपल्याला अनुभव म्हणून जे काही मिळतं ते या आकारांतूनच मिळतं, म्हणून अनुभवाच्या जगाबद्दल ही तत्त्वं आधीच सांगता येतात. याची किंमतही तो मोजतो: हे ज्ञान अनुभवाला येऊ शकणाऱ्या जगापुरतंच. ईश्वर आहे का, आत्मा अमर आहे का, विश्वाला सुरुवात आहे का, हे शुद्ध बुद्धीनं सिद्ध करता येत नाही. अनुभवनिरपेक्ष ज्ञानाची पहिली मोठी सीमा कांटनंच आखली, हे अनेक गाइडांत एका ओळीत उरकलेलं असतं. तुम्ही त्यावर पूर्ण परिच्छेद लिहा.

7 + 5 वर मतभेद आहेत. 1884 मध्ये जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेनं अंकगणित मुळात विश्लेषकच आहे असं मांडलं. पुढे तर्कवादी अनुभववाद्यांनी सगळंच अनुभवनिरपेक्ष ज्ञान भाषेच्या नियमांपुरतं आहे असं म्हटलं. 'हा नुसता शब्दांचा खेळ' असं तुम्हालाही वाटलं तर बेळगावच्या बाजारात ऐकू येणारे आकडे आठवा. मराठी गिऱ्हाईक सात आणि पाच बारा म्हणतं, कन्नड गिऱ्हाईक एळु आणि ऐदु हन्नेरडु म्हणतं. शब्द दोन्हीकडे संकेतानं ठरलेले आहेत. पण बेरीज किती यावी हे ठरवायला दोन्ही भाषिक कधी एकत्र बसले नव्हते. संकेतवाद्यांकडे (हे ज्ञान भाषेच्या संकेतांपुरतं मानणाऱ्यांकडे) यावर उत्तर आहे, पण ते देण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडते, एवढं नक्की.

पायरी 5: मर्यादा कुठं लागतात ते पाहा

*अनुभवनिरपेक्ष म्हणजे अचूक नव्हे.* कुठलाही सपाट नकाशा असा रंगवायचा की सीमा लागून असलेल्या दोन प्रदेशांना एकच रंग येऊ नये. चार रंग पुरतात का? 1879 मध्ये गणिती केंप यांनी पुरतात अशी सिद्धता दिली. ती मान्य झाली आणि 1890 मध्ये हीवूड यांनी तिच्यातली चूक दाखवली. अकरा वर्षं जाणकारांना एक चुकीची सिद्धता बरोबर वाटत होती. चूक सापडली तीही विचारानंच, जगातल्या कुठल्या निरीक्षणातून नव्हे. 1976 मध्ये अ‍ॅपेल आणि हाकेन यांनी प्रमेय सिद्ध केलं ते संगणकाकडून असंख्य प्रकरणं तपासून घेऊन. मग पहिल्या पायरीतला मोबाइलचा प्रश्न मोठ्या रूपात पुढे येतो: एवढ्या टप्प्यांची सिद्धता कुणाच्याच नजरेखालून पूर्ण गेली नसेल, तर ते ज्ञान अनुभवनिरपेक्ष म्हणायचं का? मला हा प्रश्न अजून उघडा वाटतो.

*युक्लिडची गोष्ट.* कांटच्या काळात भूमिती म्हणजे युक्लिडचीच. 1829 च्या सुमाराला लोबाचेव्स्की आणि 1832 मध्ये बोल्याई यांनी समांतर रेषांचं गृहीतक बदलूनही व्याघात नसलेली भूमिती उभी राहते हे दाखवलं. 1854 मध्ये रीमाननं हा विचार आणखी व्यापक केला आणि 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेनं भौतिक अवकाशासाठी युक्लिडेतर भूमितीच वापरली. आता टेपचा प्रश्न पुन्हा विचारा. प्लॉटवर आपण दोष टेपला दिला. विश्वाच्या पातळीवर शास्त्रज्ञांनी नियमाला माघार घ्यायला लावली. यावर एक उत्तर असं की शुद्ध भूमिती ('ही गृहीतकं धरली तर हे निष्कर्ष') अनुभवनिरपेक्षच राहते, आणि आपलं अवकाश यांपैकी कुठल्या भूमितीत बसतं हे अनुभवानं ठरतं. मला हे उत्तर पटतं. पण भूमिती आपल्याला जगाबद्दल खात्रीनं सांगते ही कांटची आशा त्यात उरत नाही, हे मान्य करावं लागतं. इथं पृथ्वीच्या गोलाईचं उदाहरण देऊ नका. गोलाच्या पृष्ठावर त्रिकोणाचे कोन 180 अंशांहून जास्त भरतात हे युक्लिडच्या अवकाशातही खरंच आहे.

*क्वाइन.* 1951 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अमेरिकन तत्त्वज्ञ क्वाइननं विश्लेषक-संश्लेषक ही सीमाच नीट आखता येत नाही असं म्हटलं. आपली मतं एकेकटी अनुभवाला सामोरी जात नाहीत, सगळा संच मिळून जातो, आणि गरज पडली तर तर्कशास्त्राचा नियमही बदलता येईल. 1956 मध्ये ग्राइस आणि स्ट्रॉसन यांनी उत्तर दिलं: सीमा धूसर असली म्हणून ती नाहीच असं होत नाही. दोन्ही बाजू लिहा. एकच लिहिली तर उत्तर अर्धं राहतं.

*क्रिपके.* 1970 च्या व्याख्यानांत (ती पुढे 1980 मध्ये पुस्तकरूपात आली) अमेरिकन तत्त्वज्ञ क्रिपके यांनी तिसऱ्या पायरीतले रकाने खरोखरच वेगळे करून दाखवले. पहाटेची चांदणी आणि संध्याकाळची चांदणी हा एकच शुक्र आहे, हे निरीक्षणानं कळलं. पण ती वस्तू एकच असेल तर ती स्वतःहून वेगळी असणं शक्यच नव्हतं. म्हणजे अनिवार्य, तरी अनुभवसापेक्ष. उलट बाजूला मापाची साखळी घ्या. 33 फुटांची जमीन-मोजणीची एखादी साखळी प्रमाण म्हणून ठरवली. ठरवणाऱ्याला ती 'एक साखळी' लांब आहे हे मोजायची गरज नाही. तरी त्या वेळी उन्हानं ती किंचित लांब झालेली असू शकली असती. म्हणजे अनुभवनिरपेक्ष, तरी आपाती. क्रिपकेंचं स्वतःचं उदाहरण पॅरिसच्या मीटरच्या पट्टीचं आहे.

तत्त्वज्ञ बेनासेराफचा 1973 चा प्रश्नही टिपून ठेवा: संख्या कुठल्या जागी नाहीत, कुठल्या काळी नाहीत, त्यांचा आपल्यावर काही परिणाम होत नाही, तर त्यांच्याबद्दल आपल्याला कळतं कसं?

पायरी 6: न्यायदर्शन वाचताना रकाने बंद ठेवा

'अनुमान म्हणजे अ प्रायोरी' असं समीकरण अनेक नोट्समध्ये असतं. ते चुकीचं आहे. 'डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर आहे' या अनुमानाला व्याप्ती (दोन गोष्टींचं न चुकणारं साहचर्य) लागते, आणि 'जिथं धूर तिथं अग्नी' ही व्याप्ती स्वयंपाकघरात वारंवार पाहूनच कळते. नैयायिकांच्या प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द या चार प्रमाणांत (ज्ञानाच्या साधनांत) अनुभवनिरपेक्ष असं वेगळं खातं नाही. चार्वाकांची हरकत (सगळ्या देशांतला, सगळ्या काळांतला धूर तुम्ही कुठं पाहिलात?) ह्यूमच्या शंकेच्या जवळ जाते. विश्लेषकाच्या जवळ जाणारं काही हवंच असेल तर बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीचा स्वभावहेतू (वस्तूच्या स्वरूपावरूनच दिलेलं कारण) पाहा: 'हा वृक्ष आहे, कारण ही शिंशपा आहे.' (शिंशपा ही झाडाची एक जात.) जवळ जातं, एवढंच लिहा. एकच आहे असं लिहू नका.

पायरी 7: सराव

खालची वाक्यं तिन्ही रकान्यांत बसवा. उत्तराबरोबर 'कशावरून?' लिहिल्याशिवाय ते पुरं समजू नका.

1. एकरात 40 गुंठे असतात.
2. निपाणीची जमीन तंबाखूला मानवते.
3. एकच जागा एकाच वेळी पूर्ण लाल आणि पूर्ण हिरवी असू शकत नाही.
4. प्रत्येक घटनेला कारण असतं.
5. म्हादई हीच मांडवी.

तिसऱ्यावर जास्तीत जास्त वेळ द्या, कारण ते विश्लेषक आहे का यावर तत्त्वज्ञांचंही एकमत नाही. 'लाल' या शब्दाच्या अर्थात 'हिरवं नाही' हे येतं का, ते तपासा. पाचव्यात खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पाहिलेला माणूस आणि पणजीच्या धक्क्यावर उभा असलेला माणूस, दोघंही आपापली नदी पक्की ओळखतात. ती एकच आहे हे कळायला पाण्याबरोबर गोव्यापर्यंत उतरावं लागतं किंवा नकाशा पाहावा लागतो. पहिला रकाना त्यावरून भरा, आणि दुसरा भरताना क्रिपके पुन्हा वाचा.